विरजणावाचून

मराठी मध्यमवर्गीय घरात काही शब्द उंबऱ्याबाहेर ठेवण्याची रीत होती, आणि ‘दारू’ हा त्यांतला पहिला. घरात या वस्तूचा उल्लेख करण्याची वेळच आली तर ‘घेतो’ किंवा ‘पितो’ एवढे क्रियापद पुरे होई. कर्म उच्चारावे लागत नसे. मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा १९४९ चा. त्याची धार पुढे बोथट होत गेली. पण त्या कायद्याच्या सावलीत वाढलेल्या पिढीच्या जिभेवर तो कायम राहिला. आजही महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर ‘परमिट रूम’ अशा पाट्या दिसतात, आणि त्या वाचणाऱ्याला त्यातला ‘परमिट’ हा शब्द कुठून आला हे बहुधा आठवत नाही.

याचा एक भाषिक परिणाम झाला, त्याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. मराठीत मद्याविषयी शब्दांचा तुटवडा मुळीच नाही. पण ते जवळजवळ सगळे पिणाऱ्याचे वर्णन करतात. तर्र होणे, झिंगणे, टुन्न असणे, बेवडा, दारुडा, पिदक्कड. प्यायलेल्या पदार्थाविषयी भाषा एकदम मुकी होते. ‘कडक’ आणि ‘पहिल्या धारेची’ ही दोन विशेषणे सापडतात, आणि तीही चवीची नव्हेत, ताकदीची आहेत. ज्या भाषेने आंबट, आंबूस, आंबटगोड, आंबटढोण अशा छटा वेगळ्या काढल्या, जिने पितळेच्या भांड्यात राहून बिघडलेल्या ताकासाठी ‘कळकणे’ हे स्वतंत्र क्रियापद राखून ठेवले, तिला या एका पदार्थापुरती चवच नव्हती.

मार्च २०१९ मध्ये ब्रसेल्सच्या आंदरलेख्त भागात, दक्षिण स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या एका जुन्या इमारतीत जे निवृत्त प्राध्यापक आपल्या मुलीबरोबर शिरले, ते या पिढीतले होते. वय अडुसष्ट. पस्तीस वर्षे त्यांनी साहित्यशास्त्र शिकवले होते. आयुष्यात मद्याचा थेंब घेतलेला नव्हता, आणि त्याचे कारण कायदा किंवा धर्म नव्हता. त्यांचे थोरले बंधू हे होते.

दादा त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठे. गावच्या वाचनालयातून धाकट्यासाठी पुस्तके आणून देणारे, त्याला वृत्ते बोटांवर मोजायला शिकवणारे. पुढे गिरणीतली नोकरी, मग हातभट्टीची, मग नोकरी नाही. त्यांच्या खोलीला एक आंबूस, कोंदट, ओल्या फडक्यासारखा दर्प असे. १९७७ च्या डिसेंबरात ते एका रात्री धाकट्या भावाच्या दाराशी आले. धाकट्याचे नुकतेच लग्न झाले होते. त्याने दार पुरते उघडले नाही. खिशातले पैसे फटीतून दिले आणि स्थानकाजवळच्या लॉजवर जायला सांगितले. चार महिन्यांनी दादा गेले. घरात ‘पोटाच्या आजाराने’ असे सांगण्याचे ठरले, आणि तेच मुलीलाही सांगण्यात आले.

मुलगी सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला बेल्जियमला गेली तेव्हा तिनेही एक गोष्ट अर्धीच सांगितली. यीस्टचा अभ्यास, एवढे ती म्हणाली. यीस्ट म्हणजे पाव, असे आईने शेजारी सांगितले. ते यीस्ट बिअरच्या पिंपांतले आहे हे दोन वर्षांनी, तेही एका कागदावरच्या शीर्षकावरून, वडिलांच्या लक्षात आले. ते काही बोलले नाहीत. पुढे ब्रसेल्सला गेल्यावर एका सकाळी त्यांनीच विचारले, “तू ज्याचा अभ्यास करतेस ते दाखवशील का?” तिने त्यांना काँतियोंला नेले.

काँतियों ही मद्यशाळा १९०० साली सुरू झाली. १९७८ पासून ती संग्रहालय म्हणूनही लोकांना खुली आहे. मात्र संग्रहालय हा शब्द इथे थोडा फसवा आहे, कारण काचेमागे ठेवलेले असे तिथे काही नाही. जी यंत्रे पाहायची ती त्याच हंगामात चालू असतात. विसाव्या शतकाच्या आरंभी या शहरात अशा पुष्कळ मद्यशाळा होत्या. शहराच्या हद्दीतली जुनी म्हणावी अशी ही एकच राहिली. इथे जे तयार होते त्याला लाँबिक म्हणतात. सुमारे एक तृतीयांश कच्चा गहू, बाकी मोड आणून भाजलेले बार्ली, आणि हॉप्सची फुले. पण तीही ताजी नव्हेत, वर्षानुवर्षे ठेवून कडवटपणा निघून गेलेली. बिअर टिकवण्याचा गुण त्यांत तेवढा उरलेला असतो. जगातल्या इतर कुठल्याही बिअरवाल्याने ही फुले फेकून दिली असती.

खरी गंमत माळ्यावर आहे. लाकडी जिना चढून गेले की कौलारू छपराखाली तांब्याची एक अवाढव्य परात दिसते. हो, परातच, उथळ, चौकोनी, साडेसात हजार लिटर मावतील एवढी. कित्येक तास उकळलेला रस संध्याकाळी तिच्यात पसरून ठेवतात, भिंतींच्या झडपा उघडतात आणि निघून जातात. रात्रभर थंड हवा त्या वाफेवरून फिरते. सकाळपर्यंत रस अठरा-वीस अंशांवर येतो, आणि तेवढ्यात हवेतून, तुळयांमधून, कौलांवरून जे काही सूक्ष्म जीव यायचे ते येऊन पडलेले असतात. वरून काहीही घालत नाहीत.

“म्हणजे विरजण नाहीच?” प्राध्यापकांनी विचारले.

“नाही बाबा. विरजण म्हणजे ही खोली.”

माळ्याच्या कोपऱ्यांत कोळ्यांची जाळी होती, आणि कुणी ती झाडली नव्हती. इथे कोळी मारीत नाहीत; ज्या माश्या रसाला शिरक्याची वाट दाखवतात त्यांचा बंदोबस्त ते करतात. प्राध्यापकांना आपल्या आईची स्वच्छता आठवली, आणि मनातल्या मनात तिची क्षमा मागावी असे वाटले.

हे सारे किती उलट्या दिशेने चालले आहे ते इतिहासाच्या संदर्भात ध्यानी येते. लुई पाश्चर यांचा बिअरविषयक ग्रंथ १८७६ चा. त्यानंतर सात वर्षांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्तियान हान्सेन यांनी यीस्टची एकच शुद्ध जात वेगळी काढून वाढवली, आणि बिअरच्या धंद्याचा नूर पालटला. जी जात पाहिजे ती घालायची, बाकीच्यांना दार बंद. दर वेळी तीच चव. १९०४ मध्ये कार्ल्सबर्गच्याच क्लाउसेन यांनी इंग्लंडच्या मुरलेल्या बिअरमधले एक वेगळे यीस्ट ओळखले आणि त्याला ‘ब्रेटानोमायसिस’, म्हणजे ब्रिटिश बुरशी, असे नाव दिले. त्याच कुळातली एक जात ब्रसेल्सच्या नावाने ओळखली जाते. द्राक्षमद्य करणारे या यीस्टला भितात. त्यांच्या पिंपात ते शिरले की गोठ्याचा, घोड्याच्या खोगिराचा वास येऊ लागतो, आणि तो दोष समजला जातो. लाँबिकमध्ये तोच वास नसेल तर काही तरी चुकले, असे म्हणतात. दोष आणि गुण यांची अशी अदलाबदल साहित्यात पाहण्याची सवय असलेल्या माणसालाही ती नाकाला झोंबल्यावर स्वीकारायला वेळ लागतो.

पिंपांच्या खोलीत मुलगी अधिक मोकळी झाली. ती तिची जागा होती. ओकची आणि चेस्टनटची ही पिंपे बहुतेक द्राक्षमद्यासाठी वापरून झालेली. आडवी, एकावर एक, प्रत्येकावर खडूने काही अक्षरे. पहिले काही दिवस त्यांना बूच लावीत नाहीत, कारण आतला फेस उसळून बाहेर वाहतो. तो निवला की बूच बसते आणि एक वर्ष, दोन वर्षे, तीन वर्षे रस आत पडून राहतो. लाकडातून थोडी हवा आत जाते, थोडा रस उडून जातो; पिंप पुन्हा भरीत नाहीत. रसावर यीस्टची एक पातळ साय धरते आणि ती खालच्या रसाचे रक्षण करते. यासाठी शब्द शोधताना मुलीने इंग्रजी शब्द वापरला, तेव्हा वडील म्हणाले, “मुरतं म्हण की.” लोणचे मुरते, मुरांबा मुरतो, पाऊस जमिनीत मुरतो, एखादा माणूस राजकारणात मुरलेला असतो. तिने तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला.

मग तिने सांगितले की पिंपातला रस मध्ये एकदा आजारी पडतो. शब्द तिचा नव्हे. तिथले लोकच तसे म्हणतात. आधी काही आठवडे एका प्रकारच्या जीवाणूंचा गोंधळ, मग नेहमीच्या यीस्टची काही महिन्यांची मेहनत, आणि पहिला उन्हाळा आला की पेडियोकॉकस नावाचे जीवाणू माजतात. ते आंबटपणा आणतात, पण त्याचबरोबर रस तेलकट, चिकट होतो, त्याला तार सुटते. कालच्या भाताला सुटावी तशी. या अवस्थेत कुणी चाखले तर ओतून टाकील. अनुभवी माणूस बूच परत लावतो आणि निघून जातो. पुढे ते ब्रेटानोमायसिस, तेच गोठ्याच्या वासाचे, हळूहळू ती तार खाऊन टाकते, आणि रस पुन्हा पातळ, स्वच्छ होतो. याला महिने लागतात. घाई करण्याचा उपाय नाही.

प्राध्यापक बराच वेळ गप्प होते. रूपके हुडकणे हा त्यांचा आयुष्यभराचा उद्योग. इथे तर रूपक समोर येऊन उभे राहिले होते. त्यांनी ते घेतले नाही. पिंपातला रस बरा होतो याचे कारण ज्याच्याकडून तो बरा व्हायचा तो जीव आधीपासून लाकडात वस्तीला असतो. दादांच्या बाबतीत तसे काही नव्हते, आणि दार उघडले असते तर ते बरे झाले असते असे मानणे ही स्वतःला दिलेली दुसरी सवलत ठरली असती. दार उघडायला मात्र हवे होते. त्या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे त्यांना चाळीस वर्षांनी त्या थंड खोलीत प्रथमच स्पष्ट दिसले.

चव घेण्याची जागा तळमजल्यावर, प्रवेशद्वाराजवळच होती. लाकडी मेजे, मेजे म्हणून उभी केलेली पिंपे. मुलगी म्हणाली, “बाबा, पहिला घोट वाईट लागेल. लगेच मत देऊ नका.” समीक्षकाला याहून कठीण पथ्य सांगता येत नाही.

आधी नुसते लाँबिक आले, पिंपातून काढलेले, मिश्रण न केलेले. त्याला फेस नसतो. दिसायला फिकट चहासारखे, निश्चल. प्राध्यापकांनी पेला नाकाशी नेला आणि तिथेच थांबले. आंबूस, कोंदट, ओल्या लाकडाचा दर्प; तो त्यांनी एका बंद खोलीच्या दारात उभे राहून पुष्कळदा घेतला होता. त्यांनी पेला खाली ठेवला. मुलीने विचारले नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, “दादाच्या खोलीत असा वास यायचा.” तिच्या देखत वडिलांनी काकांचे नाव काढण्याची ही पहिली वेळ. “मला माहीत आहे,” ती म्हणाली, “म्हणजे, काकांचं. आत्यानं सांगितलं होतं. दाराचंही.” आत्याला दाराचे ठाऊक होते, ही गोष्ट प्राध्यापकांना नवी होती.

मग त्यांनी घोट घेतला. तो तीव्र आंबट होता. लिंबासारखा समोरून येणारा नव्हे, आमसुलासारखा गालांच्या आतून चढणारा. गोडी कुठेच नव्हती. चेहरा आक्रसला. नासलेले, असा निर्णय जिभेने दिला. पथ्य आठवून तो त्यांनी उच्चारला नाही.

दुसऱ्या पेल्यात गूझ होते. एक, दोन आणि तीन वर्षांच्या लाँबिकांचे मिश्रण करून ते जाड काचेच्या बाटलीत भरतात. कोवळ्या रसात उरलेली साखर बंद बाटलीत पुन्हा आंबते आणि त्यातून बुडबुडे येतात. कुठल्या पिंपातले किती घ्यायचे हे चाखूनच ठरते, कारण एकाच दिवशी भरलेली दोन पिंपे पुढे एकसारखी निघत नाहीत. प्राध्यापकांनी इतकी वर्षे फळ्यापुढे उभे राहून पानकरसाचा दृष्टान्त समजावून दिला होता: साखर, मिरी, वेलदोडा हे घटक पानकात वेगवेगळे लागत नाहीत, त्यांहून निराळी अशी एकच चव लागते, मम्मटाने रसाच्या आस्वादाला त्याची उपमा दिली आहे. वर्गात ते दर वेळी कैरीच्या पन्ह्याचे उदाहरण देत आणि मुले हसत. इथे तो दृष्टान्त पेल्यात होता, फक्त कुणी हसत नव्हते.

या वेळी त्यांनी भाषेला कामाला लावले. रंग जुन्या पितळेचा. फेस पांढरा, लगेच बसणारा. वास पहिल्यांदा वाळक्या पेंढ्याचा, मग लिंबाच्या सालीचा. त्यामागे गोठा, पण झाडून घेतलेला. आणि अगदी खाली कपाटात बंद राहिलेल्या पोथ्यांचा. बिअर बर्फासारखी गार नव्हती, तळघराइतकी गार होती, त्यामुळे पेला हातात ऊब धरू लागला तसा वास उलगडत गेला. चव आंबट, पण आता तिला कडा होत्या. बुडबुड्यांनी आंबटपणा हलका केला होता. मागाहून कैरीच्या सालीचा तुरटपणा आला आणि लाकडाची एक कोरडी रेघ जिभेवर बराच वेळ राहिली. कडू असे जवळजवळ काही नाही. मद्यार्क जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास. झिंगण्यासाठी हे पिणारा मनुष्य विचित्रच म्हणावा लागेल. त्यांनी ‘तोरट’ हा शब्द वापरला आणि मुलीला तो समजावून सांगावा लागला. तिने एका चिटोऱ्यावर तो लिहून घेतला, त्याखाली ‘कळकणे’, त्याखाली ‘मुरणे’.

तिसरा पेला क्रीकचा, आंबट चेरी घालून मुरवलेल्या लाँबिकचा. तो सुंदर लाल होता आणि कुणालाही आवडला असता. प्राध्यापकांनी तो अर्धा ठेवला; गूझनंतर तो जरा गोडबोल्या वाटला. खरे पाहता त्यातही साखर नव्हती.

बोलण्याच्या ओघात मुलीने तिच्या चिंतेचा विषय काढला. हा रस थंड रात्रींवाचून होत नाही. हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीपासून एप्रिलच्या आरंभापर्यंत; रात्रीचे तापमान आठ अंशांच्या वर राहिले तर रस वेळेत निवत नाही आणि नको ते जीवाणू आधी घर करतात. २०१५ च्या नोव्हेंबरात रात्री इतक्या उबदार राहिल्या की इथले काम थांबवावे लागले होते. शंभर वर्षांपूर्वीच्या हंगामाहून आताचा आखूड आहे. ज्या सेन नदीच्या खोऱ्यातली हवा या बिअरला जन्म देते असे अभिमानाने सांगितले जाते, ती नदी तर शहराने १८६७ ते १८७१ या काळात रस्त्यांखाली गाडून टाकली. तरी हवा टिकली. हवाच तापू लागली तर काय, याचे उत्तर तिच्या प्रयोगशाळेत नव्हते. हवेतले जीव वेगळे काढून, बाटलीत वाढवून, ठरल्या दिवशी रसात सोडता येतील. तसे करणारे आहेत. “पण मग ते विरजण झालं,” ती म्हणाली, आणि तिच्या स्वरात तिच्या आजीचा सोवळेपणा होता.

आपल्याकडेही विरजणावाचून आंबणारे पुष्कळ आहे, असे वडील म्हणाले. कोकणातली माडी पहाटे गोड असते, ऊन चढता चढता आंबते. गोव्यात तुडवलेल्या काजूबोंडांचा रस आपोआप फसफसतो आणि त्याचीच पुढे फेणी होते. पण माडीला दुपारनंतर कुणी विचारीत नाही. तीन वर्षे थांबायचे, ही गोष्ट त्यांना परकी वाटली, आणि उष्ण देशात ती परकी असणे साहजिकही आहे.

निघताना त्यांनी गूझच्या दोन बाटल्या घेतल्या. एक त्या रात्री मुलीच्या घरी उघडली. तिचे दोन सहाध्यायी आले होते, आणि प्राध्यापकांनी त्यांना पानकरस इंग्रजीत समजावण्याचा प्रयत्न केला. तो फारसा साधला नाही. पाहुणे गेल्यावर, भांडी विसळताना, त्यांनी मुलीला दाराची हकिकत पहिल्यापासून सांगितली. आत्याने सांगितलेली आणि ही, यांत एका ठिकाणी फरक होता. आत्याच्या सांगण्यात पैसे नव्हते.

दुसरी बाटली तळघरात गेली. “किती दिवस टिकते?” त्यांनी विचारले. वीस वर्षे सहज, ती म्हणाली. अंधारात, थंडीत, आडवी ठेवली तर. प्राध्यापकांनी वेष्टनावरचे साल पाहिले आणि मनात बेरीज केली. परतीच्या विमानासाठी निघताना, आणि मग विमानतळावर पुन्हा, त्यांनी तिला बजावले की बाटली आडवीच राहू दे. ही गोष्ट आदल्या दिवशी तिनेच त्यांना सांगितलेली होती.